पाटणकरकाकांचं सीमोल्लंघन

पिस्कॅटवेमधलं ते घर मला आठवतं ते खालून वर. मी तळघरात राहत होतो. जमिनीच्या वर वीतभर डोकावणारी एक आडवी खिडकी होती आणि तिच्या काचेला बाहेरचं गवत टेकलेलं असायचं, त्यामुळे सकाळचा उजेड खोलीत हिरवा होऊन यायचा. त्या उजेडात डोळे मिटून पडून राहिलं की डोक्यावरच्या लाकडी जमिनीतून सगळं घर ऐकू यायचं. सपातांचे मोजून टाकल्यासारखे आवाज म्हणजे पाटणकरकाका. ते स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत जाणार, दाराबाहेर लावलेला थर्मामीटर वाचणार आणि तितक्याच पावलांत परत येणार. अनवाणी, भरभर, मध्येच थबकणारी पावलं सुलभाकाकूंची. थबकल्या की समजावं, दूध उतू चाललंय. मग पोळपाटावर लाटण्याची घरघर, कपबशांची किणकिण, आणि शेवटी जिन्याच्या तोंडाशी येऊन मारलेली हाक, "दिगू, उठलास का? की पाणी ओतू वरून?" माझ्या आताच्या वेस्ट विंडसरच्या घरात सगळीकडे जाड गालिचा आहे. कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. म्हातारपणी माणसाला पावलं ऐकू यायला हवीत, असं मला हल्ली फार वाटतं.

मी सांगलीहून इंजिनिअरिंग करून पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत, न्यू जर्सीला आलो होतो. माझे मामा आणि पाटणकरकाका वाईला एका वर्गात होते, तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला घरात घेतलं. काका युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये शास्त्रज्ञांसाठी लहान लहान उपकरणं बनवायचे. त्यांच्या हातांबद्दल तिथे दंतकथा होत्या. कागद अंगठ्याखाली धरून जाडी सांगायचे आणि ती मोजली की केसाएवढाही फरक निघायचा नाही. काकू एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे काप करायच्या. पानाचा, मुळाचा, कधी उंदराच्या मेंदूचा इतका पातळ काप, की फुंकर मारली तर उडून जावा. दोघांचं पोट बोटांवर होतं. म्हणून घरात कोणी सुरी धुताना घाई केली की दोघं एकदम ओरडायची, "हात सांभाळ!" तेव्हा लग्नाला आठ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्या घरातला सगळा लाड माझ्या वाट्याला आला, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहायचं आहे ते त्यामुळे हलकं होत नाही, जड होतं.

काकांनी एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून जुनी मोटरबोट घेतली होती. मागे टांगलेलं इंजिन, पुढे चौघं बसतील एवढी जागा. ट्रेंटनच्या खाली डेलावेअर नदीकाठी वॉल्ट नावाच्या एका म्हाताऱ्याचा लाकडी धक्का होता, तिथे ती बांधलेली असायची. काकांनी तिच्यावर इंग्रजीत 'कृष्णा' असं रंगवलं होतं. वाईच्या घाटावर पोहायला शिकलेल्या माणसाने दुसरं काय रंगवायचं? वॉल्टची मात्र समजूत झाली होती, की नवऱ्याने बायकोचं नाव दिलं आहे. तो काकूंना बघितलं की टोपी काढून "मॉर्निंग, कृष्णा!" म्हणायचा. काकू सुरुवातीला दुरुस्त करायच्या, मग सोडून दिलं. "नाहीतरी ह्यांचं खरं लग्न तिच्याशीच झालंय," त्या म्हणायच्या. "मला गाडीत बसवताना दार आपटतात, तिला हात धरून पाण्यात उतरवतात."

ती नदी विलक्षण होती. समुद्र तिथून बराच दूर, तरी भरती थेट ट्रेंटनपर्यंत चढायची. दिवसातून दोनदा नदी थांबायची आणि उलट्या दिशेने वाहू लागायची. मी तासन्‌तास धक्क्यावर पाय सोडून ते थांबणं बघत बसायचो. एखादं पिवळं पान खाली चाललेलं असायचं, मग ते हळू व्हायचं, जागच्या जागी गोल फिरायचं, आणि जणू काही विसरल्यासारखं परत वर निघायचं. नदीच्या अलीकडे न्यू जर्सी, पलीकडे पेनसिल्व्हेनिया. दोन्ही राज्यांची सीमा पाण्याच्या मध्यातून जाते, असं काकांनी नकाशात दाखवलं, आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो मला अजून दिसतो. "दिगू," ते म्हणाले, "इथे आल्यापासून दसऱ्याला आपण काय करतो? पार्किंग लॉटला चक्कर मारून घरी येतो. ह्या वर्षी खरंखुरं सीमोल्लंघन करायचं. बोटीने."

पण बोटीचा गिअर रुसला होता. ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी एकच दांडा होता आणि तो दोन कामं करायचा. उभा असला की न्यूट्रल. थोडा पुढे ढकलला की इंजिन पुढच्या गिअरमध्ये पडायचं, आणखी ढकललं की वेग वाढायचा. मागे ओढलं की तसंच उलट, आधी रिव्हर्स, मग वेग. आतून दोन वेगळ्या केबल इंजिनापर्यंत गेल्या होत्या, एक गिअरची, एक वेगाची. हे मी जरा तपशिलाने सांगतो आहे, कारण सगळं ह्यावरच आहे. उन्हाळ्याच्या शेवटी दांडा जड झाला. पुढच्या गिअरमधून न्यूट्रलला येताना अडायचा, कधी कडकड वाजायचा.

"गिअरबॉक्स गेला असणार," मी नुकत्याच मिळालेल्या पदवीच्या जोरावर म्हणालो.

"डोकं दुखलं की डोकं उघडतात का रे तुमच्या सांगलीत?" काका म्हणाले. "संशयित तीन. दांडा, केबल, इंजिन. मधल्याला सोडव आणि दोन्ही टोकांना वेगवेगळं विचार."

तसे आमचे दोन-तीन रविवार गेले. इंजिन बंद. त्याचं झाकण काढून केबलचं टोक सोडवलं. काकांनी इंजिनावरचा छोटा लिव्हर नुसत्या दोन बोटांनी हलवला, मी मागे वाकून पंखा हाताने हळूहळू फिरवत राहिलो, म्हणजे आतले दात नीट एकमेकांत बसतात. टक, पुढे. टक, मध्ये. टक, मागे. लोण्यासारखं. "हा निर्दोष," काका म्हणाले. मग पुढचं टोक सोडवलं, दांडा एकटा हलवून बघितला, तोही निर्दोष. उरली केबल. आत पाणी जाऊन गंजली होती. काकांनी ती मला हातात दिली आणि वाकवायला सांगितली, तिच्या पोटात वाळू करकरावी तसं वाजलं. काकू तोवर धक्क्यावर चटई टाकून फ्लास्कमधला चहा ओतत असायच्या, वॉल्ट दुरून काहीतरी पुटपुटत हसायचा, पाणी बोटीच्या पोटाला चाटत राहायचं. मला आयुष्यात पुढे पुष्कळ मोठी यंत्रं हाताळायला मिळाली, पण यंत्राशी बोलायचं कसं, हे मी त्या रविवारी शिकलो.

नवी केबल आली ती दसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी. काकांना सुट्टी नव्हती. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू बसव. न्यूट्रल जुळवायला टोकाचं पितळी बोंड फिरवशील, घाई करू नकोस." मी दुपारभर खपलो. केबल ओवली, बोंड अर्धा-अर्धा वेढा फिरवत न्यूट्रल जुळवलं. शेवटचं काम क्षुल्लक होतं. केबलचं टोक इंजिनावरच्या खिळीत अडकवायचं आणि ते निसटू नये म्हणून खिळीच्या भोकात एक स्प्लिट पिन घालायची, केसांच्या आकड्यासारखी, नखाएवढी. जुनी पिन काढताना तुटली. हंगाम संपल्यामुळे धक्क्याजवळचं वॉल्टचं सुट्या भागांचं दुकान शनिवार-रविवारीच उघडायचं. मी खोक्यातली तांब्याची बारीक तार भोकातून दोनदा फिरवून पिळली. येताना हार्डवेअरच्या दुकानातून नव्या पिनांची पुडी घेतली आणि हत्यारांच्या पेटीत टाकली. रविवारी निघण्याआधी घालायची, एवढंच ठरवलं. घरी आल्यावर म्हणालो, "झालं काम." काकांनी त्या संध्याकाळी तीन जणांना फोन केले. प्रत्येकाला सांगितलं, "केबल दिगूने बसवली. मी हातसुद्धा लावला नाही."

शनिवारी खंडेनवमी. काकूंनी बैठकीत पाट मांडला आणि घरातलं प्रत्येक हत्यार त्यावर आलं. काकांचा मायक्रोमीटर, पक्कड, काकूंच्या काप करायच्या पात्याची डबी, कात्री, माझी स्लाइड रूल, गाडीच्या किल्ल्या. बोटीची पेटी उघडून त्यांनी तीही मांडली. पिनांची पुडी सोडून एका वाटीत ओतली. "एवढ्या बारीक वस्तूंनाच सगळ्यात जास्त मान द्यावा," असं म्हणून त्या वाटीतही हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, अंगणातल्या झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. आणि दंडक असा, की एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. "आज हत्यारांना सुट्टी," काकू म्हणाल्या. स्वयंपाकघरात सावर क्रीम आणि दही मलमलच्या फडक्यात नळाला टांगलं होतं. त्याचं पाणी भांड्यात पडायचं, टप, टप. त्या दुपारी मी जमिनीवर लोळत ते ऐकत होतो. इतकं निवांत मला नंतर कधी वाटलेलं नाही.

रविवारी सकाळी घाई झाली. भरतीची वेळ गाठायची होती. माझा मित्र शरद, माझ्याच वर्गातला, नागपूरचा, तोही येणार होता. तो आला तोच हॉर्न वाजवत. काकूंनी श्रीखंडाचा डबा, पुऱ्या, बटाट्याची भाजी भरली. आपट्याचं झाड इथे कुठलं, पण अंगणात रेडबडचं होतं आणि त्याची पानं ऑक्टोबरात पिवळीधमक होतात, ती पिशवीभर तोडली. काकांनी पाटावर अक्षता टाकून पाट हलवला, मोठी हत्यारं पेटीत भरली. वाटी झेंडूखाली राहिली.

मला ती आठवली गाडीत. रस्ता नदीच्या दिशेने वळतो तिथे. पुढे काका-काकू, मागे शरद काहीतरी विनोद सांगतो आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती वाटी आली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तार तर आहे, एक दिवस सहज टिकेल. आणि खरं म्हणजे वॉल्टचं दुकान त्या दिवशी उघडं होतं, आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला बरणीभर पिना होत्या. मागायला दोन मिनिटं लागली असती. पण मागितल्या असत्या तर काकांना कळलं असतं, की दिगूचं काम अर्धवट आहे. बस, एवढंच कारण. मी ते पन्नास वर्षं उलटसुलट करून बघितलं. ह्याहून मोठं कारण सापडलं नाही.

नदीवर धुकं होतं. बोट निघाली तेव्हा मागचा धक्का लगेच पुसट झाला आणि पुढचा काठ अजून यायचा होता. मधे नुसतं पांढरं, आणि त्यात इंजिनाची गुरगुर. काकूंनी इंजिनाला झेंडूची माळ घातली होती, ती थरथरत होती. भरतीचं पाणी आम्हाला बाजूला, वरच्या अंगाला नेत होतं, पण कळत नव्हतं. आपण स्थिर आहोत आणि दोन राज्यं सरकताहेत असं वाटत होतं. मध्यावर काकांनी दांडा उभा केला. टक. न्यूट्रल. सगळं शांत.

"ही सीमा," ते हळू आवाजात म्हणाले.

"रेघ तर कुठे दिसत नाही," काकू वाकून बघत म्हणाल्या.

"काकू, पासपोर्ट काढा," शरद म्हणाला. "पेनसिल्व्हेनियावाले फार खडूस असतात म्हणे."

पुन्हा टक, पुढे. मी प्रत्येक टक मोजत होतो. पलीकडच्या गोट्यांच्या काठाला लागलो तेव्हा धुकं उठलं आणि समोरची सगळी झाडं एकदम लाल, नारिंगी दिसली. काकांनी वाकून काठावरच्या मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. आम्ही एकमेकांना पानं दिली, "सोनं घ्या, सोनं घ्या" म्हणत पायाही पडलो. एक कुत्रा फिरवणारी अमेरिकन बाई थांबून बघत होती, तिलाही काकूंनी पान दिलं. श्रीखंड थोडं आंबट होतं. काकांनी खाता खाता माझ्या पाठीवर थाप मारली. "गिअर काय गोड पडतोय रे. शाब्बास."

परत येताना ऊन होतं. शरद मागे उलटा बसून त्या झाडांचे फोटो काढत होता. काकू पुढच्या टोकाशी, धक्क्याच्या खांबाला टाकायला दोर घेऊन उभ्या. मी काकांच्या शेजारी. आणि मी बघत होतो त्यांच्या उजव्या हाताकडे, फक्त हाताकडे, कारण माझं सगळं चित्त त्या तारेत होतं. धक्का जवळ आला. काकांनी दांडा उभा केला. टक वाजलं नाही. बोट तशीच पुढे. काकांनी दांडा मागे ओढला, रिव्हर्ससाठी. तार तुटली होती. गिअर पुढचाच राहिला होता, आणि वेगाची केबल मात्र शाबूत होती, त्यामुळे जितकं मागे ओढावं तितकी बोट पुढे उसळत होती. त्यांनी आणखी ओढला. इंजिन किंचाळलं. मग लाकडाचा आवाज आणि काकूंचा. त्या नवऱ्याला कधी नावाने हाक मारायच्या नाहीत. "मुकुंद!" म्हणाल्या.

काकूंच्या उजव्या हाताची दोन बोटं बोटीचा कठडा आणि खांब ह्यांच्यामध्ये सापडली होती. वॉल्टने त्या दोघांना आपल्या ट्रकमध्ये घालून हॉस्पिटलला नेलं. शरद मागोमाग गाडी घेऊन गेला. "तू बोट बांध," असं मला कोणीतरी म्हणालं. मी एकटा राहिलो. इंजिनाचं झाकण उघडलं. केबलचं टोक खिळीतून निसटून लोंबत होतं, तांब्याच्या तारेचं अर्धं वेटोळं खाली तेलात पडलं होतं. मी वॉल्टच्या दुकानात गेलो, बरणीतून एक पिन घेतली, केबल खिळीत अडकवली, पिन घातली, तिचे पाय वाकवले आणि तार नदीत टाकली. अर्धवट राहिलेलं काम पुरं करतो आहे, असं मी स्वतःला सांगितलं. हात एकदम स्थिर होते. पाणी थांबलं होतं, भरती संपून ओहोटी लागायच्या आधी थांबतं तसं.

दोन दिवसांनी वॉल्टने एका मेकॅनिककडून बोट तपासून घेतली. त्याने पाच-सहा वेळा गिअर टाकून बघितला आणि खांदे उडवले. गिअर उत्तम आहे, म्हणाला, माणूस घाबरतो तेव्हा उलटा दांडा टाकतो, मी दर वर्षी बघतो. वॉल्टने ते काकांना फार सौम्यपणे सांगितलं. सगळ्यांनी बोट पुढे उसळताना बघितलीच होती. काकूंनीही.

काकूंची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. काप करायचं काम सुटलं, त्यांना ऑफिसातल्या टेबलावर बसवलं. एका दुपारी मागच्या अंगणात काका पानं गोळा करत होते. मी बाहेर आलो तर त्यांनी दांताळं खाली ठेवलं. "दिगू, तू माझ्या शेजारी होतास," ते म्हणाले. "मी दांडा मागे ओढला, का पुढे ढकलला? मला वाटतंय मागे. तू बघितलंस का?"

मी म्हणालो, "माझं लक्ष काकूंकडे होतं, काका."

ते बराच वेळ आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिले. "मेकॅनिक म्हणतो तसंच असेल," ते म्हणाले. "मागे ओढतोय असं वाटतं, आणि हात पुढे जातो. असेल." आणि दांताळं उचललं.

बोट विकली. मग काकांनी गाडी चालवणंही सोडलं, आणि वाकड्या बोटांनी काकू ड्रायव्हिंग शिकल्या. वर्कशॉपमध्ये काका एकच माप तीन-तीनदा घेऊ लागले, मग त्यांनी स्वतःहून भांडारात बदली मागितली. मराठी माणसं तेव्हा मोजकी होती आणि गोष्ट सगळ्यांना कळली. सांगितली ती शरदने, त्याच्या परीने रंगवून, मनात वाईट काही नसताना. कोणी गाडी मागे घेऊ लागलं की म्हणायचं, "बघ हं, पाटणकर करू नकोस!" काकासुद्धा हसायचे. मी शेजारी उभा असायचो, आणि मीही हसायचो. पुढे काका-काकूंना मुलगी झाली, अनघा. ती सोळा वर्षांची होईपर्यंत तो विनोद तिच्या कानापर्यंत पोचला होता. काका जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यांना मी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या हातून गाडी गॅरेजच्या दारात घुसली. मी ब्रेकच दाबला होता. मुलगा आला, दार बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फार प्रेमाने म्हणाला, "बाबा, इट्स ओके. होतं असं." मी म्हणालो, मी ब्रेक दाबला होता. तो म्हणाला, "शुअर, बाबा," आणि किल्ल्या खिशात टाकल्या. त्यानंतर रोज सकाळी मी अंथरुणात पाय हलवून बघतो. कुठला दाबला होता? आणि खरं सांगतो, मला आता कळत नाही. आपलाच पाय आपल्याला परका झाला की काय होतं, ते मला ह्या वयात समजलं. काकांनी ते चाळीस वर्षं सोसलं, आणि त्यांचा हात तर बरोबर होता.

मी नॉर्थ कॅरोलायनाला, मॉरिसव्हिलला गेलो. काकू तिथे अनघाकडे असतात. चौऱ्याऐंशीच्या आहेत, डोकं लख्ख. डायनिंग टेबलाशी बसवून मी त्यांना सगळं सांगितलं, वाटीतल्या पिनांपासून दुकानातल्या बरणीपर्यंत. अनघा कॉफी घेऊन आली ती तशीच उभी राहिली.

"परत सांग," काकू म्हणाल्या. "हिला कळेल असं, इंग्रजीत."

मी परत सांगितलं.

"सो डॅड डिड इट राइट?" अनघाने विचारलं.

"येस. त्यांनी मागेच ओढला होता. मी बघितलं."

"माझ्या ड्रायव्हिंग टेस्टच्या दिवशी," ती म्हणाली, आणि पुढचं इंग्रजीत, हळू, "मी त्यांना म्हणाले होते, डॅड, यू डोंट गेट टु टीच मी रिव्हर्स." ती सिंकपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"काकू, मला क्षमा..." मी सुरू केलं.

"ते राहू दे," काकूंनी तोडलं. "ज्यांच्याकडे मागायची ते गेले. मी काय त्यांची एजंट आहे? आणि मी हसलेही नव्हते कधी. माझी बोटं गेली, ती मी कधीच विसरले. पण त्यांनी मरेपर्यंत माझ्या हाताकडे बघायचं टाळलं रे, दिगू. जेवताना समोर बसायचे आणि ताटात बघायचे." त्या उठल्या, आतून फोन नंबरांची वही आणली, चष्मा लावला. "जे हसले त्यांना सांग. एकेकाला. निम्मे गेलेत, उरलेल्यांना सांग. आत्ता, इथे, माझ्यासमोर. फोन स्पीकरवर ठेव."

पहिला शरद. तो कॅलिफोर्नियात असतो. "अरे दिग्या! यार, किती दिवसांनी!" तो म्हणाला. मी म्हटलं, मॉरिसव्हिलला सुलभाकाकूंकडे आलोय, तुला काकांबद्दल काही सांगायचंय. "पाटणकर काका!" त्याचं हसू खोलीभर पसरलं. "मागच्या आठवड्यातच माझ्या नातवाला म्हणालो, पार्क करताना पाटणकर करू नकोस..."

"शरद," मी म्हणालो, "काकांनी दांडा मागे ओढला होता. केबल मी नीट बसवली नव्हती. नंतर मी ती कोणाला न कळवता दुरुस्त केली. त्यांची काही चूक नव्हती."

अनघाने वळून बघितलं. मग शरदचा एकदम म्हातारा झालेला आवाज आला. "पण मग आपण इतकी वर्षं..."

"हो."

"काकू ऐकतायत का?"

"ऐकतेय," काकू म्हणाल्या. "नातवाला सांग आता." आणि त्यांनी स्वतः बटण दाबून फोन बंद केला. वहीचं पान उलटलं, ओळीवरून बोट खाली नेत एका नावाशी थांबल्या. वाईच्या होत्या त्या, काकांच्या थोरल्या बहीण, ज्यांनी भावाला पत्रात लिहिलं होतं की बायकोला सांभाळता येत नव्हतं तर परदेशी नेलीस कशाला.

"वन्सं अजून जाग्या असतील," काकू म्हणाल्या. "कानाने कमी ऐकतात. मोठ्याने सांग." आणि एकेक आकडा वाचू लागल्या.